समजून घ्या : क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नेमकं काय होतं? पैसे जाण्याआधी पडद्यावर काय वाचायचं?

टेंभुर्णी (जि. सोलापूर) : पुणे-सोलापूर महामार्गावरचं टेंभुर्णी हे थांब्याचं गाव. पंढरपूर, अकलूज, कुर्डुवाडी, करमाळा अशा वाटा इथून फुटतात. एसटीतून उतरलेला प्रवासी चहा घेतो, केळी घेतो, पाण्याची बाटली घेतो आणि प्रत्येक ठिकाणी खिशातून पाकीट नाही, मोबाइल काढतो. टपरीच्या बरणीवर, हातगाडीच्या दांड्यावर, खताच्या दुकानाच्या काउंटरवर तोच काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला असतो. स्कॅन, रक्कम, पिन, की झालं काम.

या घाईत एक गोष्ट विसरली जाते. समोरचा चौकोन माणसाच्या डोळ्यांना वाचता येत नाही. तो खरा असो वा खोटा, दिसतो सारखाच. त्यामुळे सावधगिरी चौकोन बघून नाही, तर स्कॅन केल्यानंतर मोबाइलच्या पडद्यावर जे उमटतं ते वाचून बाळगावी लागते. ती नेमकी कशी, ते पाहू.

क्यूआर कोड आणि माढा तालुक्याचं नातं

टेंभुर्णी माढा तालुक्यात येतं. याच तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव क्यूआर कोडमुळे जगभर पोहोचलं. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड लावले. मुलांनी मोबाइल धरला की कविता ऐकू यायची, धड्याचा व्हिडिओ दिसायचा, स्वाध्याय उघडायचा. प्रयोग यशस्वी झाल्यावर राज्य सरकारने २०१७ मध्ये सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड देण्याचं जाहीर केलं. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइज' जाहीर झाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली.

परितेवाडीच्या मुलांना जे लहानपणीच कळलं, ते आज प्रत्येक मोबाइलधारकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. चौकोन हे फक्त दार आहे. दारामागे कविता असू शकते, दुकानदाराचं खातं असू शकतं आणि भामट्याचंही.

चौकोनात असतं काय?

क्यूआर म्हणजे 'क्विक रिस्पॉन्स', झटपट प्रतिसाद. १९९४ मध्ये जपानमधल्या डेन्सो कंपनीतले अभियंता मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार केला. साध्या बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरं मावायची. क्यूआर कोडमध्ये नुसते आकडे असतील तर सात हजारांहून अधिक मावतात.

तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा सांगतात. म्हणून मोबाइल तिरका धरला तरी कोड वाचला जातो. कोडमध्ये दुरुस्तीची सोयही असते. सर्वांत मजबूत प्रकारात सुमारे ३० टक्के भाग फाटला, मळला तरी मजकूर वाचता येतो. टपरीवरचा तेलकट स्टिकर चालतो तो त्यामुळेच.

कंपनीने पेटंट घेतलं, पण वापरावर हक्क सांगितला नाही. त्यामुळे क्यूआर कोड जगभर पसरला आणि त्यामुळेच तो कोणीही, कुठेही, परवानगीशिवाय, एका मिनिटात तयार करू शकतो. कोड छापलेला आहे, वर बँकेचं किंवा अ‍ॅपचं चिन्ह आहे, एवढ्याने तो खरा ठरत नाही.

कोडच्या आत साधा मजकूर असतो. वेबसाइटचा पत्ता, वायफायचा पासवर्ड, फोन नंबर किंवा पैसे पाठवण्याचा तपशील. यूपीआयच्या कोडमध्ये प्रामुख्याने तीन गोष्टी असतात : पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी, त्याचं नाव आणि ठरलेली असेल तर रक्कम. यातलं नाव कोड बनवणारा हवं ते टाकू शकतो. खरा पत्ता असतो तो आयडी. पैसे त्याच खात्यात जातात.

दुकानात पैसे देताना काय बघायचं?

दुकानाच्या कोडवर दुसऱ्याच कोडचा स्टिकर चिकटवायचा, हा फसवणुकीचा सर्वांत सोपा प्रकार. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोमध्ये रातोरात अनेक दुकानांबाहेरचे कोड असे बदलले गेले. सकाळी एका औषध दुकानात ग्राहकाने स्कॅन केलं, तेव्हा पडद्यावर भलत्याच माणसाचं नाव आलं. सीसीटीव्ही तपासल्यावर रात्री स्टिकर बदलणारे दिसले.

तिथे चोरी उघडकीला आली ती नाव वाचल्यामुळे. हे नाव वाचणं आता जास्त भरवशाचं झालं आहे. यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, एप्रिल २०२५ मध्ये अ‍ॅप कंपन्यांना सूचना दिली : पैसे पाठवण्याआधी पडद्यावर बँकेत नोंदवलेलं नावच दिसलं पाहिजे. कोडमध्ये लिहिलेलं किंवा ग्राहकाने मोबाइलमध्ये साठवलेलं नाव तिथे चालणार नाही. यासाठी ३० जून २०२५ ही मुदत होती.

म्हणून क्रम असा ठेवा. स्कॅन करा. थांबा. नाव मोठ्याने वाचा : "दादा, अमुक नाव येतंय, बरोबर ना?" दुकानदाराने हो म्हटलं की रक्कम टाका, मग पिन. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं असू शकतं. खातं मालकाच्या, मुलाच्या किंवा पत्नीच्या नावावर असतं. त्यामुळे नाव वेगळं दिसलं म्हणून लगेच संशय नको, पण विचारायला हवंच. विचारायला पाच सेकंद लागतात. चुकीच्या खात्यात गेलेले पैसे परत मिळवायला किती दिवस लागतील, हे कोणीच सांगू शकत नाही.

स्टिकरवर स्टिकर दिसला, कडा उचललेल्या असल्या, तर दुसरा कोड मागा किंवा रोख द्या. पेट्रोल पंप, मोठी दुकानं, हॉटेलं इथे मशीनच्या पडद्यावर त्या-त्या बिलाचा कोड येतो. त्यात रक्कम आधीच भरलेली असते. असा कोड जास्त सुरक्षित, कारण त्यावर स्टिकर चिकटवून भागत नाही.

'पैसे पाठवतोय, कोड स्कॅन करा'

हा दुसरा प्रकार. यात स्टिकर नसतो, फोन असतो. समजा, टेंभुर्णीजवळच्या एखाद्या शेतकऱ्याने जुना ट्रॅक्टर किंवा दुचाकी विकण्यासाठी ऑनलाइन जाहिरात टाकली. थोड्याच वेळात फोन येतो. गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, गाडी बघायलाही येत नाही. बऱ्याचदा तो स्वतःला लष्करातला जवान सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो. मग म्हणतो, "पाच हजार विसार पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कोड पाठवलाय, तो स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील."

पिन टाकल्यावर पाच हजार येत नाहीत, जातात. मग तो म्हणतो, "चुकून उलटं झालं, परत करतो, हा दुसरा कोड स्कॅन करा." घाबरलेला माणूस दुसऱ्यांदाही पिन टाकतो.

यावरचा नियम एका ओळीचा आहे : पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पैसे घेणारा फक्त आपला यूपीआय आयडी किंवा मोबाइल क्रमांक सांगतो. पिन मागितला गेला, याचा अर्थ खात्यातून पैसे बाहेर जाणार आहेत. काही अ‍ॅपमध्ये आता पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा चालतो. तिथेही हाच नियम.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. 'यूपीआय लाइट' सुरू असेल तर एक हजार रुपयांपर्यंतचे व्यवहार पिनशिवाय होतात. त्यामुळे 'पिन मागितला नाही म्हणजे धोका नाही' असं समजू नका. पडद्यावर 'पे' किंवा 'पाठवा' असं बटण असेल, तर पैसे तुमचेच जाणार.

१ ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची, म्हणजे 'कलेक्ट रिक्वेस्ट'ची सोय बंद केली. 'विनंती स्वीकारा, पैसे मिळतील' असं सांगून होणारी फसवणूक त्यामुळे आटली. पण कोड स्कॅन करून पैसे पाठवण्याची सोय चालूच आहे आणि राहणार. भामट्यांना ती वाट अजून मोकळी आहे.

लिंक उघडणारे कोड

प्रत्येक कोड पैशांचा नसतो. बसथांब्यावरचं 'घरबसल्या काम' पोस्टर, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'लग्नपत्रिका', गाडीच्या काचेला लावलेली 'दंडाची पावती' यांवरचा कोड वेबसाइट उघडतो. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात जानेवारी २०२२ मध्ये पार्किंगचे पैसे भरण्याच्या यंत्रांवर खोटे कोड चिकटवलेले सापडले. लोक कार्डाचा तपशील भरत होते आणि तो भलत्याच वेबसाइटवर जात होता.

इथे मोबाइलच मदतीला येतो. अँड्रॉइड किंवा आयफोनच्या कॅमेऱ्याने कोड धरला की वेबसाइट लगेच उघडत नाही. आधी छोट्या पट्टीत पत्ता दिसतो. बोट लावण्याआधी तो वाचा.

पत्ता शेवटाकडून वाचायची सवय लावा. पहिल्या एकेरी तिरक्या रेषेच्या अगदी आधीचा भाग खरा मालक सांगतो. सरकारी वेबसाइटचा हा भाग 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असा संपतो. 'गव्ह'च्या आधी टिंबाऐवजी आडवी रेष असेल, किंवा शेवटी 'डॉट कॉम', 'डॉट एक्सवायझेड' असं काही असेल, तर ती सरकारी नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या नेट बँकिंगच्या वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं होतं. त्यामुळे बँकेचं नाव सांगणारा पत्ता दुसऱ्याच शेपटीचा असेल तर थांबा. पत्ता अगदी आखूड आणि अर्थहीन अक्षरांचा असेल, तर तो खऱ्या पत्त्यावर झाकलेला बुरखा असू शकतो. अनोळखी ठिकाणचा असा पत्ता उघडूच नका.

वेबसाइट उघडल्यावर 'अ‍ॅप डाउनलोड करा' असा आग्रह झाला आणि फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' दिसलं, तर तिथूनच मागे फिरा. अशी फाइल प्ले स्टोअरच्या तपासणीबाहेरून येते. एकदा परवानगी मिळाली की ती एसएमएस वाचू शकते, म्हणजे बँकेचा ओटीपीही. लग्नपत्रिका बघायला अ‍ॅप लागत नाही.

जुना, खरा कोडही कधी दगा देतो. २०१५ मध्ये जर्मनीत हाइन्झच्या केचपच्या बाटलीवरचा कोड एका ग्राहकाने स्कॅन केला, तर अश्लील वेबसाइट उघडली. कंपनीची स्पर्धा संपली होती, वेबसाइटच्या पत्त्याची मुदतही संपली होती आणि तो पत्ता दुसऱ्याने विकत घेतला होता. बाटली मात्र अजून दुकानात होती.

शाळेच्या पुस्तकांचं काय? २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'दीक्षा' अ‍ॅपशी पाठ्यपुस्तकांतले कोड जोडलेले आहेत. कोडखाली सहा अक्षरी क्रमांक छापलेला असतो. कॅमेरा खराब असेल तर 'दीक्षा'मध्ये तो टाइप केला तरी धडा उघडतो. पुस्तकाच्या नावाखाली कोणी वेगळा कोड पाठवला आणि त्यात ओटीपी किंवा पैसे मागितले, तर तो पुस्तकाचा नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचा कोड वेगळा का?

संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं असेल तर पडद्यावरचा क्यूआर कोड मोबाइलमधून स्कॅन करावा लागतो. हा कोड म्हणजे तुमच्या खात्याची किल्ली. तो दुसऱ्याच्या संगणकावर स्कॅन केला, तर तुमचे सगळे संदेश तिथे दिसतात.

'मतदान करा', 'बक्षीस मिळवा' असं सांगून व्हॉट्सअ‍ॅपमधूनच कोड स्कॅन करायला सांगितलं, तर नकार द्या. झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्ड किंवा सातबाऱ्याची प्रिंट काढायला व्हॉट्सअ‍ॅप जोडलं असेल, तर निघण्याआधी मोबाइलमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून ते लॉगआउट करा. तिथे अनोळखी संगणक दिसला तर लगेच काढून टाका.

दुकानदारांनी काय करायचं?

कोड बदलला तर ग्राहकाचे पैसे जातात आणि दुकानदाराचा माल जातो. दिवसभराची विक्री दुसऱ्याच्या खात्यात जमा होऊ शकते.

रोज शटर उघडल्यावर आपलाच कोड एकदा स्कॅन करा आणि नाव बघा. पैसे पाठवायची गरज नाही, नाव दिसलं की मागे या. कोड रस्त्याकडेच्या खांबावर किंवा शटरवर न लावता काउंटरच्या आत, नजरेसमोर ठेवा. रात्री आत घ्या.

आवाज देणारी पेटी असेल तर तिच्याकडे कान ठेवा. ग्राहक म्हणतो पैसे गेले आणि पेटी गप्प आहे, तर दोन शक्यता उरतात. नेटवर्क अडकलं असेल, किंवा पैसे दुसरीकडे गेले असतील. लागोपाठ दोन-तीन ग्राहकांच्या वेळी पेटी बोलली नाही, तर आधी कोड तपासा. ग्राहकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण किंवा स्क्रीनशॉट पुरावा समजू नका. हुबेहूब तसा पडदा दाखवणारी खोटी अ‍ॅप्स आहेत. आपल्या अ‍ॅपमधली नोंद हाच पुरावा.

पैसे गेलेच तर?

पहिला फोन १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर. लाज वाटते म्हणून, किंवा 'उद्या बँकेत जाऊन बघू' म्हणून थांबू नका. तक्रार नोंदली की बँकांना कळवून ती रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याचा प्रयत्न होतो. पैसे एकातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात गेले किंवा एटीएममधून निघाले की अडवायला काही उरत नाही.

फोन करताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. हे सगळं अ‍ॅपच्या व्यवहार यादीत मिळतं. ऑनलाइन तक्रार 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वर करता येते. बँकेला लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. जवळच्या पोलीस ठाण्यातही जा. ज्या कोडने फसवलं, त्याचा फोटो काढून ठेवा, फाडून टाकू नका. बँकेने ३० दिवसांत दखल घेतली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

घाई का, याचं आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे खात्यातून पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार पडत नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. स्वतः कोड स्कॅन करून स्वतः पिन टाकला असेल, तर ग्राहकाची बाजू इथेच कमकुवत होते.

आजच करून ठेवा

- क्यूआर स्कॅन करण्यासाठी वेगळं अ‍ॅप नको. मोबाइलचा कॅमेरा आणि तुमचं नेहमीचं यूपीआय अ‍ॅप पुरेसं आहे.
- अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप इन्स्टॉल करण्याची परवानगी बंद ठेवा.
- यूपीआय ज्या खात्याला जोडलंय त्यात रोजच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. उसाचं बिल, पीककर्ज, निवृत्तीची रक्कम वेगळ्या खात्यात.
- यूपीआय अ‍ॅपमध्ये रोजची मर्यादा कमी करण्याची सोय असेल तर ती वापरा.
- १९३० हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये साठवा. आजी-आजोबांच्या मोबाइलमध्ये सर्वांत आधी.

आणि घरातल्या शाळकरी मुलाला एक काम द्या. पुस्तकातला कोड त्याने अनेकदा स्कॅन केला असेल. आजोबांसोबत बसून त्याने एकदा दुकानाचा कोड स्कॅन करून दाखवावा, नाव कुठे येतं ते बोटाने दाखवावं आणि पिन न टाकता मागे कसं यायचं तेही शिकवावं.